सतरा नंबरची शाल

शिरूर
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय बानो,

फोन उचलत नाही म्हणून तू रागावली असशील. उचलून करू काय? डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून घेतलं. आता गळ्याला समोर एक भोक आहे आणि श्वास त्यातूनच आतबाहेर करतो. मी शाळेत चौथीच्या वर्गावर ओरडले की रस्त्यावरची एस. टी. थांबते असं तू म्हणायचीस. त्या बाईला आता सून पुढ्यात उभी असली तरी टाळी वाजवून बोलवावं लागतं. मिशरीनं आधी दात काळे केले, मग घसा नेला. तू सांगत होतीस तेव्हा ऐकलं नाही, आता ऐकायचं तेवढंच राहिलंय.

व्हिडिओ कॉल करू नकोस. मला बघून तू रडशील आणि मला हुंदकासुद्धा देता येत नाही. मोबाइलवर बोट आपटून लिहिणं मला जमत नाही. अक्षर मात्र शाबूत आहे. घरात जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर चिठ्ठ्या लिहून मोनिकाशी बोलते. बिचारी वाचते आणि मोठ्यानं उत्तर देते, जसं काही मी बहिरी झाले आहे!

सगळ्यात वाईट आहे ती थंडी. लोक ऑक्टोबरच्या उकाड्यानं पंखे लावून बसलेत आणि मी कुडकुडते. रजई घेतली की तिचा काठ गळ्यावर येतो, जीव गुदमरतो. शाली म्हणशील तर कपाट भरून आहेत. आमचे बापूसाहेब गेले, पण शिक्षकांच्या पतसंस्थेचे चेअरमन असताना मिळालेल्या त्यांच्या सत्काराच्या शाली राहिल्या, आणि आता लेकाला, सत्यजीतला मिळतात. आमच्या घरात शाल कुणी विकत घेत नाही आणि अंगावरही कुणी घेत नाही. आली की कपाटात, आणि कपाटातून निघाली की दुसऱ्याच्या सत्काराला. त्यातली एक घेऊन पाहिली. घाम येतो, ऊब येत नाही. काढताना चटचट ठिणग्या उडतात, आणि तिचे तंतू भोकात गेले की खोकून खोकून जीव जातो.

दिवाळी झाली की पुण्याला रेडिएशनचे शेक घ्यायला जायचंय. भाचीकडे राहणार आहे. तुझा पाय कसा आहे?

तुझी,
शेवंता

दौंड
२ नोव्हेंबर २०२५

शेवंते,

पत्र वाचून आधी रडले, मग तुला दोन शिव्या दिल्या. पुण्याला मास्तरकीचं शिकताना होस्टेलात मी तुझी मिशरीची डबी मोरीत ओतली होती तेव्हा तू माझ्याशी अबोला धरलास. तेव्हाच दुसरी डबी आणायला पैसे दिले नसते तर बरं झालं असतं.

मला येता येत नाही याचं काय वाटतं ते लिहून दाखवता यायचं नाही. खुब्याचं हाड बसवलंय, पण वॉकरशिवाय मोरीपर्यंतही जाता येत नाही, आणि गाडीत बसायला डॉक्टर अजून नको म्हणतात. दोघी मिळून आता एक धड बाई होईल. आवाज माझा, पाय तुझे.

तुझ्या थंडीचा इलाज मात्र माझ्याकडे निघाला. आयेशानं लडाखहून दोन शाली पाठवल्यात, एक मला आणि एक तुला. तुझी आजच इरशादच्या हाती दिली. माझा हा भाचा टेम्पो घेऊन सणसवाडीला कंपनीत माल टाकायला जातो, वाट वाकडी करून तुझ्या घरी देईल. पत्र पोस्टानं टाकते, कारण तो गाडी चालू ठेवून उभा होता आणि माझं पत्र म्हणजे दोन ओळींचं काम नाही.

दिसायला ती काहीच नाही. मातकट रंग, ना काठ, ना जर, ना चकाकी. पण ऐक, ही मेंढीची नाही, शेळीची लोकर आहे. मी हसले होते. आपल्या शेळीचे केस दोरी वळायच्या लायकीचे, त्याची कुणी शाल करतं का? आयेशा म्हणाली, "अम्मी, तुमच्या शेळीला थंडी कुठं वाजते?" तिच्या त्या चांगथांगच्या पठारावर हिवाळ्यात भांड्यातलं पाणी दगड होतं. तिथली शेळी वरच्या राठ केसांच्या आत, कातडीला लागून, बारीक लव धरते. माणसाचा केस त्यापुढे सुतळी वाटावा इतकी बारीक. थंडी सरली की ती लव आपोआप सुटायला लागते, तेव्हा माणसं शेळीला आडवी पाडून फणीनं विंचरून ती काढतात. कातरत नाहीत. आयेशा तिथं शेळ्यांची डॉक्टर, तर तिनंही विंचरून पाहिलं. म्हणते, शेळी आधी शिव्या देते आणि मग डोळे मिटून घेते. एका शेळीची लव मूठ-दोन मूठ निघते, त्यातलेही राठ केस वेचून टाकायचे. मग चरख्यावर हातानं सूत काढायचं, कारण नुसतं यंत्रात घातलं तर तुटतं. लेहच्या बायका गप्पा मारत कातत बसतात. तुझ्या एका शालीला तीन शेळ्यांची लव लागली आहे.

दुकानदार अंगठीतून शाल काढून दाखवतात तो नुसता खेळ आहे म्हणे, कुठलंही झिरझिरीत कापड अंगठीतून जातं. खरी ओळख अंगावर घेतल्यावर. वजन लागत नाही आणि पाठ मात्र तापते. अंगाची ऊब धरते, पण हवा अडवत नाही, म्हणून तुझ्या गळ्यासाठी हीच. आणि वापरत गेलं की आणखी मऊ होत जाते.

कोपऱ्यात लाल दोऱ्यानं तुझा नंबर घातलाय. होस्टेलात धोब्याकडे कपडे टाकताना तुझा १७ आणि माझा १८ असायचा, तोच. आता कुणाची कुठली म्हणून भांडायला नको.

अंगावर घे. जपून ठेवलीस तर याद राख.

शहाबानो

शिरूर
१५ नोव्हेंबर २०२५
(कॅलेंडरच्या पानांमागे लिहिलेल्या घरातल्या चिठ्ठ्या)

मोनिका, मी पुण्याला होते तेव्हा दौंडहून माझ्या नावानं काही आलं होतं का? बानोचं हे पत्र आज हातात पडलं. मातकट रंगाची शाल. इरशाद नावाचा मुलगा देऊन गेला असेल.

रडू नकोस. आधी नीट सांग.

सत्काराची समजून कपाटात ठेवलीस, त्यात तुझी चूक नाही. आपल्या घरात शाल आली की तिथंच जाते. तू सून होऊन आलीस तेव्हा मीच शिकवलं तुला. कपाटात बघ मग.

सत्यजीतनं सगळीच थप्पी नेली? त्या ज्येष्ठ शिक्षकांच्या सत्काराला?

सत्यजीत, तिच्यावर ओरडू नकोस. शिक्रापूर, कोरेगाव भीमा, पाटस, दौंड, घरोघर जाऊन घातल्यास आणि कुणाला कुठली घातली ते तुलाही आठवत नाही. एकदा खांद्यावर घातलेली शाल परत मागायची नसते. पतसंस्थेची निवडणूक राहू दे, लोक दारात उभं करणार नाहीत आणि तुझ्या वडिलांचं नाव जाईल. कुणाकडे जायचं नाही.

बानोला तुम्ही दोघांनी काही कळवायचं नाही. मी लिहीन.

मोनिका, थंडी वाजते. ती जांभळी आण, त्यातल्या त्यात बरी आहे.

शिरूर
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय बानो,

शाल मिळाली. आत्ता अंगावर घेऊनच लिहिते आहे.

तू लिहिलंस ते सगळं खरं निघालं. खांद्यावर आहे की नाही हे बघायला सारखा हात लावते. रात्री गळ्यावर आली तरी श्वासाला आडवी येत नाही, आणि पाठ तर अशी तापते की चुलीपुढे बसल्यासारखं वाटतं. मोनिका धुवायला मागते, मी देत नाही. रंगाला नावं ठेवू नकोस, मला आवडला. आपल्या शेतातल्या नांगरटीचा रंग आहे.

तो लाल सतरा बघून मात्र माझं काही खरं राहिलं नाही. त्यावर बोट फिरवत बसते. आपण दोघी पुण्यात पहिल्यांदा घर सोडून आलो होतो आणि रडू येत होतं म्हणून एकमेकींचे कपडे मोजत बसायचो, ते आठवलं. आयेशाला माझे खूप आशीर्वाद सांग. त्या शेळ्यांनाही सांग.

शेक संपले. गिळायला फार त्रास होतो, पेज तेवढी जाते. पण झोप लागते आता, तुझ्या शालीमुळे.

तू तुझी घेतेस ना अंगावर? नाहीतर मला दम देशील आणि आपण पेटीत ठेवशील.

तुझी,
शेवंता

दौंड
२५ नोव्हेंबर २०२५

आयेशा बेटा,

रेंज येईल तेव्हा तू फोन करशील, पण घरात सगळ्यांसमोर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहिते. तू मला पाठवलेली शाल मी शेवंताला दिली. तू एकच पाठवलीस आणि मी तिला दोन आल्या म्हणून कळवलं. नाहीतर तिनं घेतली नसती. तू रागावणार नाहीस हे मला माहीत आहे.

पुढचं ऐक. ९ तारखेला तिचा सत्यजीत इथं आला होता. शाळेत मास्तर आहे, शिक्षकांच्या पतसंस्थेच्या निवडणुकीला उभा आहे. ज्यांना कार्यक्रमाला येता येत नाही अशा म्हाताऱ्या शिक्षकांचा घरी जाऊन सत्कार करत फिरत होता. म्हणाला, "मावशी, उठू नका, बसल्या जागी घालतो. तुमचा आशीर्वाद असला म्हंजी झालं." नारळ दिला, पिशवीतून शाल काढून खांद्यावर घातली. फोटोवाला म्हणाला, "इकडं बघा." मला बघताच येईना, कारण खांद्यावर वजनच आलं नव्हतं. कोपरा उलटला तर माझा लाल सतरा.

मला वाटलं, शेवंतानं माझं खोटं पकडलं. एकच शाल आहे हे ओळखून लेकाच्या हातून सत्काराच्या नावाखाली परत पाठवली, म्हणजे मला नको म्हणता येऊ नये. अशी खोडी ती नक्की करील. म्हणून सत्यजीतला काही विचारलं नाही. आई कशी आहे एवढंच विचारलं. "पुण्यात हाय, शेक चालू हायत. खात न्हाई काय," म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. पोरगा वाईट नाही.

आणि काल तिचं पत्र आलं. शाल अंगावर घेऊन लिहिते आहे म्हणते. सतरावर बोट फिरवत बसते म्हणते. आयेशा, ती शाल माझ्या मांडीवर होती गं.

आता कळलं काय झालं ते. त्यांच्या घरात सत्काराच्या शालींचं कपाट आहे, त्यात ही मिसळली असेल आणि वाटली गेली असेल. शेवंताला ते कळलंय, आणि लेकाला-सुनेला कुणी बोल लावू नये, मला वाईट वाटू नये, म्हणून तिनं हे सगळं रचून लिहिलं. माझ्याच पत्रातली शालीची वर्णनं मला परत पाठवली. आणि खरं म्हणजे ती तिकडे कुडकुडते आहे.

शाल तशीच परत पाठवली तर तिचं खोटं उघडं पडेल. सगळं आयुष्य पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई. तिचा आवाज गेला, रूप गेलं, आता शब्द तेवढा उरलाय, तो मी कसा खोटा पाडू? म्हणून मी एक युक्ती केली आहे. सातचा दोरा उसवला आणि तिथं आठ घातला. १८ म्हणजे माझी. माझी म्हणून तिला पाठवते. तिला कळणारही नाही आणि ऊब तर मिळेल.

तुझी अम्मी कशी हुशार आहे बघ.

अम्मी

दौंड
२८ नोव्हेंबर २०२५

शेवंते,

तुला शाल आवडली, माझं काम झालं. आता माझंही एक गाऱ्हाणं ऐक. माझी शाल मला सोसवत नाही. इथं दौंडात कसली आली थंडी! दुपारी अंगावर घेतली की उकडतं, आणि वॉकर धरताना खांद्यावरून घसरते. पुन्हा पडले तर दुसरा खुबा जायचा. म्हणून ती पण तुलाच पाठवते आहे. एक अंगावर घे, एक धुवायला टाक. इरशादला बजावलंय, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, तुझ्याच हातात द्यायची.

नाही म्हणायचं नाही. तुला आता नाही म्हणताही येत नाही, हा माझा फायदा.

पेजेत थोडं तूप टाकत जा.

शहाबानो

शिरूर
१२ डिसेंबर २०२५

प्रिय बानो,

अक्षर हललंय, हसू नकोस. हात थरथरतो.

तुझी शाल इरशादनं माझ्या हातात दिली. भला मुलगा आहे. "खालाने बोला है, हाथ में ही देना," म्हणाला आणि मी हात पुढं करीपर्यंत उंबऱ्यात उभा राहिला. आता माझ्याकडे दोन्ही आहेत. सतरा पाठीखाली आणि अठरा वर. राणीसारखी झोपते.

डॉक्टर आता काही करायचं नाही म्हणालेत. मला बरं वाटलं. मोनिका फार करते. तिची आई मी झाले नाही एवढी ती माझी लेक झाली.

मोठं पत्र पुढं लिहीन. तू लिही. तुझं पत्र आलं की मी आधी नुसती पाहते, लगेच फोडत नाही.

शेवंता

शिरूर
१४ जानेवारी २०२६

शहाबानो मावशींना मोनिकाचा नमस्कार.

आईंचं तेरावं होऊन आठवडा उलटला. आई गेल्या त्या दिवशी ह्यांनी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही रडून काही बोलू शकला नाहीत, आणि पायामुळं येताही आलं नाही. त्यांच्या शेवटच्या गोष्टी तुम्हाला कळायला हव्यात. आईंनी सांगू नका म्हणून बजावलं होतं, पण मला हे धरून राहवत नाही.

तुम्ही पहिली पाठवलेली शाल आईंना मिळालीच नाही. त्या पुण्याला होत्या. टेम्पोवाला मुलगा पुडकं हातात देऊन लगेच निघून गेला, मी ते उघडलं, साधी शाल बघून सत्काराची समजले आणि कपाटात ठेवली. ह्यांनी ती बाकीच्यांबरोबर नेऊन कुणाला तरी घातली. आईंनी तुम्हाला जे लिहिलं ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. चूक माझी आहे.

मग दुसरी आली. मला इतका आनंद झाला, मी लगेच त्यांच्या अंगावर घालायला गेले. त्यांनी कोपरा बघितला, अठरा नंबर वाचला आणि माझा हात धरला. चिठ्ठीत लिहिलं, "ही तिची आहे. लेकीनं तिला दिलेली. तिला उकडतं हे खोटं आहे, ती होस्टेलात दोन चादरी घ्यायची. एक आपण घालवली, ही घालवायची नाही. माझ्या गळ्यातनं कफ येतो, डाग पडेल. आत्ता परत केली तर तिला लागेल. मी गेल्यावर तिला नेऊन दे."

मी पाया पडले, मावशी. थंडीनं त्यांचे ओठ निळे पडायचे. मी म्हटलं, डाग पडला तर मी धुईन. पण त्या ऐकल्या नाहीत. शाल उशाशी घडी करून ठेवायला लावली. कधी कधी नुसता हात ठेवायच्या तिच्यावर, तोही आधी फडक्यानं पुसून. अंगावर जांभळी आणि वरून रजई असायची. रजई गळ्यावर आली की ढकलून द्यायच्या, आणि ढकलली की कापायच्या. शेवटपर्यंत असंच चाललं. अंगावर मात्र ती एकदाही घेतली नाही.

आता ज्याची माफी मागायची ते लिहिते. आईंना न्यायच्या वेळी बायका खोळंबल्या. आमच्यात बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. आईंच्या माहेरचं आता कुणीच उरलेलं नाही. शेजारच्या पार्वतीबाई म्हणाल्या, "माहेरचं लुगडं आल्याबगार उचलायचं न्हाई. आणा बाजारातून कुणी तरी." एवढ्यात गावोगावचे लोक येऊन ह्यांच्या ओळखीनं शालीच शाली टाकायला लागले, तसल्याच, आमच्या कपाटातल्यासारख्या. मला ते सहन झालं नाही. मी आत गेले, उशाची शाल आणली आणि सगळ्या बाजूला करून त्यांना नीट पांघरली, गळ्यापर्यंत. पार्वतीबाईंनी विचारलं, "ही कुठल्या माहेरची?" मी म्हटलं, "दौंडच्या." मग त्यांनीच उचला म्हणून सांगितलं.

आईंनी तुम्हाला परत द्यायला सांगितलेली शाल मी अशी जाळली.

ह्यांनी उमेदवारी मागं घेतली. आता रोज शाळा सुटली की गाडी काढतात आणि ज्यांचा ज्यांचा सत्कार केला त्यांच्या दारात जाऊन विचारतात, मातकट शाल तुमच्याकडं आली का म्हणून. एक तरी तुम्हाला आणून द्यायची, असं धरून बसलेत. लोक हसतात, कुणी दार लावून घेतात. एका म्हाताऱ्या गुरुजींनी दुसरीच शाल अंगावर फेकली. मी म्हटलं, दौंडला मावशींना विचारा. ते म्हणाले, त्यांना काय विचारायचं, त्यांच्याकडं गेली असती तर त्यांनी बघताक्षणी ओळखली असती आणि आईला तेव्हाच कळवलं असतं.

तुम्ही रागावलात तरी मला चालेल. पण पत्र लिहा.

तुमची,
मोनिका

दौंड
१९ जानेवारी २०२६

आयेशा बेटा,

दुसरी शाल पाठवू नकोस. मला नको.

शेवंता थंडीत गेली. शाल तिच्या उशाशी होती आणि तिनं ती अंगावर घेतली नाही, कारण कोपऱ्यात मी १८ घातला होता. सतरा तसाच ठेवला असता तर तिला सगळं कळलं असतं, घटकाभर लाजली असती, मला एक सणसणीत पत्र लिहिलं असतं आणि पांघरून झोपली असती. तिची होती ना ती. मी तिची अब्रू राखायला गेले आणि तिची ऊब काढून घेतली. हाताची बोटं तोडावीशी वाटतात.

तू म्हणशील अम्मी, तुझा हेतू चांगला होता. तसं म्हणू नकोस. मला ते आत्ता ऐकवत नाही.

सत्यजीत दारोदार फिरतो आहे. त्याला खरं सांगितलं तर त्याला कळेल की आईजवळ तिचीच शाल होती आणि तरी ती कापत गेली. ते त्याला आणि त्या पोरीला जन्मभर पुरेल. मला पुरणार आहेच. तिघांनी कशाला?

कुणाला बोलू नकोस.

अम्मी

दौंड
२० जानेवारी २०२६

चिरंजीव मोनिकास अनेक आशीर्वाद.

पोरी, माफी कसली मागतेस? माझी शाल जाळलीस असं पुन्हा लिहू नकोस. जिथं जायची तिथं गेली. तू जे उत्तर पार्वतीबाईंना दिलंस ते वाचून मी पत्र छातीशी धरून बसले. शेवंताला सख्खी बहीण नव्हती आणि मलाही नाही. बहिणीनं करायचं ते माझ्याकडून तू केलंस. मला येता आलं असतं तर मी माझ्या हातानं तेच केलं असतं.

तिच्याशिवाय मला कसं होतंय ते तुला काय सांगू? मला अगं म्हणणारं, माझ्यावर डाफरणारं आता जगात कुणी राहिलं नाही. पोस्टमन गल्लीत आला की अजून हात वॉकरकडे जातो. मग आठवतं आणि खाली बसते.

सत्यजीतला माझा निरोप सांग. त्यानं आता फिरणं बंद करायचं. ती पहिली शाल कुणाकडे गेली ते मला समजलं आहे. इथं दौंडातच एक म्हातारी शिक्षिका आहे, एकटीच असते, पायानं अधू. त्या दिवशी त्यानं तिच्याच खांद्यावर घातली. मी तिला चांगली ओळखते. तिला कुणी काही विचारायला जाऊ नका, आणि शाल परत मागायचा तर विचारही करू नका. तिच्याजवळ तेवढंच आहे. त्याला म्हणावं, शाल वाया गेली नाही, योग्य माणसाला मिळाली. निवांत झोप म्हणावं.

ती रोज अंगावर घेते. मी बघते ना.

तुझी,
शहाबानो मावशी